अम्मोंची उपांत्य फेरी

मंडळी, माझ्या घरी आणि सासरी मिळून कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे अस्मादिक! "होता" म्हणतोय, हे लक्षात घ्या.

तसा माझा धंदा चष्म्यांचा. बैरूतच्या बारबूर भागात दुकान आहे. पण डोळे तपासायला आलेला माणूस जाताना हळूच मोबाईलही पुढे करतो. "मुनीर, हा जरा बघ ना, फारच रेंगाळतोय!" मी कपाळाला आठ्या घालतो, दोन-तीन बटणं दाबतो, मोबाईल बंद करून परत चालू करतो आणि तो पळायला लागतो. माझं निम्मं ज्ञान त्या बंद-चालूतच आहे, पण हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता सासऱ्यांची ओळख करून देतो. अम्मो नख्ले. (अम्मो म्हणजे काका; आमच्याकडे सासऱ्यांनाही तेच म्हणतात.) वय वर्षं शहात्तर. शाळेत पीटीचे मास्तर होते, त्यामुळे आवाज अजून मैदानावरचाच. "मीठ दे" म्हणाले तरी समोरचा माणूस धावत दोन फेऱ्या मारून येईल! फुर्न अल-शुब्बाकला आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. आणि हे अम्मो कॉम्प्युटरवर फुटबॉलचा संघ चालवतात.

हसू नका. हा खेळ पोरासोरांचा नाही. यात आपण चेंडूला लाथ मारायची नसते, आपण मॅनेजर असतो. खेळाडू निवडायचे, डावपेच ठरवायचे आणि मग हात चोळत सामना बघायचा. अम्मोंनी त्यात आपल्या डोंगरातल्या गावाचा, कफ्र-तीनचा संघ काढला होता. खऱ्या कफ्र-तीनमध्ये सपाट जागाच नाही. चेंडू एकदा सुटला की थेट खालच्या गावात, तोही परत मिळाला तर मिळाला! पण कॉम्प्युटरवर त्या गावाने अकरा हंगामांत तळाच्या गटापासून थेट आशिया करंडकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली होती. गोलकीपरचा घोटा दुखावला तर अम्मो आठवडाभर लंगडत चालत. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या गुडघ्याची एवढी चौकशी केली असतीत तर बरा तरी झाला असता!"

अम्मोंचा एक नियम होता. सेव्ह एकच ठेवायचा. हरलं की जुना सेव्ह उघडून तोच सामना पुन्हा खेळायचा, असली लबाडी त्यांना मान्य नव्हती. "हरलो तर हरलो!" ते म्हणत. "दोन सेव्ह ठेवणारा माणूस म्हणजे एक पाय दाराबाहेर ठेवून जेवायला बसणारा माणूस. त्याला ना जेवणाची चव, ना जाण्याची घाई."

अडचण एकच होती, विजेची. आमच्या इमारतीचा जनरेटर सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात अम्मो काय करणार? माझ्या दुकानाच्या छपरावर सोलर आहे, तिथे दिवसभर वीज. म्हणून अम्मो अकराला आपल्या जुनाट गाडीतून दुकानात यायचे आणि मागच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पुढचा खेळ खेळायचे. सेव्हची फाइल पेन ड्राइव्हवर घालून आणायची, परत न्यायची. तो पेन ड्राइव्ह गाडीच्या किल्लीला बांधलेला असे.

एका रविवारी सगळे सासऱ्यांकडे जेवायला जमलो होतो. तबूलेच्या कोशिंबिरीचं भांडं मध्ये, आणि अम्मो खिसे चाचपतायत. पेन ड्राइव्ह सापडेना! शेवटी तो सासूबाईंच्या ॲप्रनच्या खिशात निघाला, कसा ते कुणालाच कळलं नाही. आणि इथेच माझी जीभ सळसळली.

"अम्मो," मी म्हणालो, "कुठल्या जमान्यात आहात? हे पेन ड्राइव्हचं ओझं वाहायचे दिवस गेले! मी दोन्ही कॉम्प्युटर असे जोडून देतो की तुम्ही इथे सेव्ह केलंत की तिथे आपोआप पोहोचेल. तिथे केलंत की इथे! सिंक म्हणतात याला."

"आपोआप?" अम्मो म्हणाले.

"आपोआप! दोन्हींतली जी फाइल नंतरची, ती खरी. जुनी आपसूक जाणार."

माझा मेहुणा तान्यूस समोर बसला होता. पूल बांधणारा इंजिनियर, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत त्याला भेगा दिसतात. तो म्हणाला, "मुनीर, जुन्या फाइलींची एक प्रत कुठेतरी ठेव. बॅकअप. काही झालं तर..."

"काय होणारे?" मी हसलो. "तू पूल सांभाळ, बाबा! जुन्या प्रती म्हणजे नुसती अडगळ."

माझी बायको, रिंदला, माझ्याकडे कौतुकाने बघत होती. ती असं बघते ते वर्षातून एकदा, फार तर दोनदा. त्या नजरेसाठी मी काय वाटेल ते जोडून दिलं असतं. त्याच दुपारी दोन्ही कॉम्प्युटर जोडले, जुन्या प्रती ठेवण्याच्या खुणेवर फुली मारली, आणि अम्मोंचा पेन ड्राइव्ह पुसून त्यात गाडीसाठी गाणी भरली. पंधरा दिवस सगळं लोण्यासारखं चाललं. अम्मो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझ्या जावयाने केलंय!" मीही मान खाली घालून "छे छे, त्यात काय एवढं" म्हणायचो आणि आणखी कुणी विचारतंय का ते बघायचो.

आणि मग सरकारने घड्याळाला हात घातला.

दरवर्षी मार्चअखेर आम्ही घड्याळ एक तास पुढे करतो. त्या वर्षी रमजान चालू होता, आणि सरकारने ऐनवेळी जाहीर केलं की रमजान संपेपर्यंत घड्याळं आहेत तिथेच राहतील. चर्चने सांगितलं, आम्ही पुढे करणार! झालं. रविवारी सकाळी उठलो तर एका गावात दोन वेळा. आमची वस्ती ख्रिश्चनांची, म्हणून इमारतीत नवी वेळ; बारबूर मुसलमानांचं, म्हणून दुकानाच्या गल्लीत जुनी. मी घरून नऊला निघून सव्वाआठला दुकानात पोहोचायचो! बायकोला वाटे मी घरी फार उशिरा येतो, गिऱ्हाइकांना वाटे मी दुकान फार लवकर बंद करतो, आणि मला वाटे माझा रोज एक तास कोणीतरी खातंय.

दुकानातला कॉम्प्युटर मात्र आपणहून एक तास पुढे गेला होता. शेजारचा न्हावी अबू हिशाम आत डोकावला. "मुनीर, तुझं घड्याळ चुकलंय! या गल्लीत सरकारी वेळ चालते, हं."

"आत्ता करतो!" मी म्हणालो, आणि हाताने, या माझ्या उजव्या हाताने, कॉम्प्युटरचं घड्याळ एक तास मागे सरकवलं. मोठ्या ऐटीत!

सोमवारी सकाळी अम्मोंनी घरी उपांत्य फेरीसाठी संघ निवडला. गोलकीपरशी मनातल्या मनात बोलले, सेव्ह केलं, अकराला जनरेटर बंद पडला आणि ते गाडी काढून दुकानात आले. मी एका बाईंचे डोळे तपासत होतो. मागून अम्मोंचा आवाज: "पास दे! अरे पास दे, गाढवा!" बाई दचकल्या आणि भिंतीवरचं तिसऱ्या ओळीतलं अक्षर पाचव्या ओळीत वाचलं.

समोर जपानचा संघ. दोन-दोन बरोबरी. एकोणनव्वदाव्या मिनिटाला कफ्र-तीनच्या कबलानने हेडर मारला आणि गोल! मी स्वतः पाहिला, मंडळी, या दोन डोळ्यांनी. अम्मो खुर्चीवरून असे उठले की खुर्चीच उडाली. माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, त्या बाईंचेही घेणार होते पण मी मध्ये पडलो. मग फोन काढला आणि एकेकाला कळवायला लागले. "तीन-दोन! जिंकलो! बुधवारी आठला माझ्या घरी अंतिम सामना, सगळ्यांनी यायचं! आठ म्हणजे नवे आठ!" अबू हिशाम जरा डुलकी काढायला घरी गेला होता, त्यालाही फोन केला. उपास चाललेला बिचारा, झोपेतून उठून अभिनंदन म्हणाला. अम्मोंचे डोळे भरून आले होते. "मुनीर," ते म्हणाले, "त्या गावात कधी सपाट मैदान नव्हतं रे."

संध्याकाळी साडेपाचला दुकानात फोन वाजला.

"मुनीर," अम्मोंचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. "हा खेळ म्हणतोय, उपांत्य फेरी अजून व्हायचीय."

"असं कसं होईल?" मी म्हणालो आणि मागचा कॉम्प्युटर उघडला. तिथेही तेच! संघ निवडलेला, सामना न खेळलेला. मग माझं लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. घरचा सेव्ह नव्या वेळेने अकरा वाजताचा. दुकानातला सेव्ह पाऊण तासानंतरचा, पण माझ्या मागे सरकवलेल्या घड्याळाने त्याच्यावर शिक्का मारला होता पावणेअकराचा! सिंकने बिचाऱ्याने मी शिकवलं तेच केलं. नंतरची फाइल खरी म्हणून अकराची ठेवली आणि पावणेअकराची फेकून दिली. तीन-दोन, कबलान, एकोणनव्वदावं मिनिट, सगळं स्वाहा!

"मुनीर? आहेस ना?"

इथे मी काय बोलायला हवं होतं? "अम्मो, माझी चूक झाली, घड्याळाने घोळ घातला." बास, एवढंच! पण माझ्या डोळ्यांसमोर आला तान्यूस, हाताची घडी घालून. मग रिंदलाची ती वर्षातून दोनदा मिळणारी नजर. आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं ते असं:

"अम्मो, सकाळी तुम्ही सरावाचा सामना खेळत होतात ना?"

पलीकडे माऊस दोनदा टिकटिकला.

"सराव?"

"हो. उपांत्य फेरी उद्या, असं तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणालो?" मग म्हणाले, "बरं. बरं, मुनीर."

आणि त्यांनी फोन ठेवला. आता लिहितानाही कान गरम होतायत. मी मनाला समजावलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे! उद्या सकाळी अम्मो येण्याआधी मीच तो सामना खेळतो, तीन-दोनने जिंकतो आणि सांगतो की बघा, सिंकला जरा उशीर झाला होता. योजना अशी बिनतोड, की मला रात्री झोपही छान लागली!

मंगळवारी लवकर दुकान उघडलं. आता मी शहाणा झालो होतो. आधी कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर करून टाकलं, पुन्हा घोटाळा नको! मग खेळायला बसलो. फुटबॉलबद्दल मला एवढंच ठाऊक की चेंडू गोल असतो. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले. घाबरून मी गोलकीपर बदलला. नंतर कळलं, ज्याला आत पाठवला तो घोटा दुखावलेला! सामना संपला तेव्हा पाच-एक. तो एक गोलही जपानवाल्यांनी चुकून स्वतःच्याच जाळ्यात मारला होता!

"असू दे," मी घाम पुसत म्हणालो, "सेव्हच करत नाही. पुन्हा खेळतो." तर पडद्यावर अक्षरं आली की सामन्याची नोंद आपोआप जतन झाली आहे. खेळाची ती सोयच होती म्हणे. आणि मंडळी, या वेळी सिंक अगदी बिनचूक झालं! दोन मिनिटांत पाच-एक आमच्या खालच्या मजल्यावर पोहोचलं.

अम्मो त्या दिवशी दुकानात आले नाहीत.

दुपारी रिंदलाचा फोन. "मुनीर, बाबांना काहीतरी होतंय."

"काय होतंय?"

"खेळ उघडला तर म्हणे उपांत्य फेरी हरलेत. पाच-एक. ते म्हणतात मी खेळलोच नाही. मग म्हणतात खेळलो असेन. सोमवारी जिंकलो असं सगळ्यांना फोन करून सांगितलं, आणि सामना झालाच नव्हता म्हणे! मला विचारलं, रिंदला, आज वार कोणता?" तिचा आवाज फुटला. "नदीम काकांचं पण असंच सुरू झालं होतं."

नदीम काका म्हणजे अम्मोंचे थोरले भाऊ. शेवटच्या दोन वर्षांत ते अम्मोंनाच विचारायचे, "आपण कोण?" अम्मो रोज संध्याकाळी जाऊन त्यांना स्वतःची नव्याने ओळख करून द्यायचे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"रिंदला, ऐक," मी म्हणालो, "खरं म्हणजे..."

"थांब, आई हाक मारतेय," ती म्हणाली आणि फोन बंद. परत लावता आला असता की! लावला नाही. मी म्हटलं, संध्याकाळी समोरासमोर सांगू. समोरासमोर सांगणं बरं दिसतं.

संध्याकाळी गेलो तर स्वयंपाकघरात सासूबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या. फळीवरच्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. अम्मोंचं मास्तरी वळणाचं अक्षर: मीठ. साखर. कॉफी. जनरेटरच्या बटणावर "अकराला बंद". आरशाच्या कडेला रिंदलाचा आणि तान्यूसचा फोन नंबर. माझाही होता! आणि त्याखाली लिहिलेलं, "कॉम्प्युटरचं काही असेल तर मुनीर."

अम्मो बाल्कनीत बसले होते. "ये," म्हणाले. मी शेजारी बसलो. सांगायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "मुनीर, तू काल खरं सांगितलंस म्हणून बरं झालं. नाहीतर मी तसाच भ्रमात राहिलो असतो. घरचे लोक अशा वेळी तोंडदेखलं बोलतात. तू नाही बोललास."

आता बोला! यावर माणूस काय सांगणार? जो शूर असेल तो सांगेल. मी कॉफी प्यायलो आणि वर निघून गेलो.

बुधवार उजाडला. पाहुण्यांना "येऊ नका" असं कळवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. अम्मोंना वाटलं, आपण बोलावलंही नसेल, तेही मनातच झालं असेल! त्यामुळे संध्याकाळी आठला, म्हणजे नव्या आठला, दारात माणसं यायला लागली तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. सासूबाईंनी मात्र एक माणूस मुद्दाम बोलावला होता. डॉक्टर सलामे. मेंदूचे. सामना बघायला आलोय असं दाखवून कोपऱ्यात बदाम खात बसले होते.

बदाम संपल्यावर डॉक्टरांनी गप्पांच्या सुरात विचारलं, "काय नख्ले, किती वाजले असतील?"

अम्मोंनी विचार केला. "आठ," ते म्हणाले. मग घुटमळले. "किंवा सात."

सासूबाईंनी तोंडाला पदर, म्हणजे ॲप्रन लावला. तान्यूस उठून उभा राहिला. डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली, स्वतःच्या मनगटावर बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे की! आज हेच उत्तर आहे."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात अबू हिशाम रोजा सोडून, कतायेफ मिठाईचा मोठा खोका घेऊन हजर. अम्मोंना तो तान्यूसचा बाप म्हणून अबू तान्यूस म्हणतो. "अभिनंदन, अबू तान्यूस! तीन-दोन! मी झोपेत होतो पण आकडा विसरलो नाही!"

"मी तुला फोन केला होता?" अम्मोंनी विचारलं.

"म्हणजे काय! सोमवारी. किती आनंदात होतास!"

अम्मो सावकाश उठले. "मंडळी," ते म्हणाले, आणि तो मैदानावरचा आवाज कुठे गेला होता देव जाणे, "तुम्हाला उगाच त्रास दिला. अंतिम सामना नाही. आम्ही उपांत्य फेरीतच हरलो, पाच-एकने. जिंकल्याचं जे मी सांगत सुटलो ते माझ्या डोक्यातलं होतं. नदीमचं तुम्ही पाहिलंय. मला वाटतं आता माझी पाळी." मग खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्यासमोर येऊन माझ्या तळहातावर ठेवली. "मी यापुढे गाडी चालवणार नाही. रस्त्यात मुलं असतात. मुनीर, तू ठेव. या घरात तुझं डोकं ठिकाणावर आहे."

ती किल्ली तापलेल्या तव्यासारखी वाटली मला. आणि मंडळी, मी रडलो. दुकानात रोज डझनभर लोकांच्या डोळ्यांत बघणारा मी, त्या खोलीत कुणाच्याच डोळ्यांत बघू शकेना.

"अम्मो, तुम्ही जिंकला होतात!" मी ओरडलोच. "तीन-दोन! कबलानचा हेडर, एकोणनव्वदावं मिनिट! मी पाहिला! माझ्या घड्याळाने तो सामना पुसला, म्हणजे मी पुसला! आणि पाच-एक हरलो तो मी! मंगळवारी सकाळी, लपून! तुम्हाला काहीही झालेलं नाही, अम्मो! तुमचं सगळं बरोबर आहे, मी नालायक आहे!"

मग सगळं सांगितलं. अकरा, पावणेअकरा, सिंक, सरकार, चर्च, सगळं. मध्येच अबू हिशाम पुटपुटला, "घड्याळ मागे कर असं मीच म्हणालो होतो की रे," पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तान्यूस बोलायला तोंड उघडणार तोच रिंदलाने त्याला हाताने थांबवलं. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "मी सांगितलं होतं" हे ऐकायला मी जन्मभर घाबरलो, आणि तेव्हा वाटलं, कुणीतरी म्हणा रे एकदा! म्हणा आणि मोकळं करा.

अम्मो डॉक्टरांकडे वळले. "म्हणजे मी ठीक?"

"तुम्ही ठणठणीत," डॉक्टर म्हणाले. "जावयाचं मात्र तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

आता लोक हसले. सासूबाई तर रडता रडता हसल्या आणि अम्मोंच्या पाठीत एक दणका घातला. अम्मो हसले नाहीत. माझ्यासमोर आले.

"सोमवारी संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो, अम्मो."

"काल बाल्कनीत?"

"हो."

"खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ." मी बघितलं. "मुनीर, मी मिठाच्या बरणीवर मीठ लिहिलं रे."

त्यांनी माझ्या हातातून किल्ली काढून घेतली, खिशात टाकली आणि अबू हिशामला म्हणाले, "तो खोका उघड. उपांत्य फेरी जिंकल्याची मिठाई आहे ती." सगळ्यांना दोन-दोन कतायेफ मिळाले. मला एक.

सामना काही परत आला नाही. पाच-एक हीच आता कफ्र-तीनच्या संघाची अधिकृत कामगिरी. तान्यूस म्हणाला, "बाबा, त्यात फेरफार करून तीन-दोन करता येईल. माझ्या ओळखीचा एकजण आहे." अम्मोंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुलाकडे निघून गेला. मग अम्मोंनी बारावा हंगाम सुरू केला. सेव्ह एकच, पेन ड्राइव्हवर. माझी गाणी पुसून!

आणि माझी शिक्षा? शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. अम्मोंनी मला साक्षीदार नेमलंय. रोज ते दुकानात सामना खेळतात आणि मी शेजारी स्टुलावर बसून शेवटच्या मिनिटापर्यंत बघायचा. गिऱ्हाईक आलं तर अम्मो सांगतात, "थांबा जरा, तो कामात आहे." मग संध्याकाळी सगळे एकत्र बसलो की ते मला विचारतात आणि मी चारचौघांत सांगायचं, आज काय झालं. माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत. मला ते पटतं. चार महिन्यांत एकही दिवस चुकवला नाही.

परवा कफ्र-तीन कुठल्याशा दुबळ्या संघाकडून सपाटून हरला. दुकानात गर्दी होती, दोन चष्मे बदलून गेले होते, एक माणूस काउंटरवर हात आपटत होता. संध्याकाळी ताटं मांडली आणि अम्मोंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "हं, साक्षीदार! आज किती?"

"तीन-शून्य हरलो," मी म्हणालो.

"चार," अम्मो म्हणाले.

"तीन, अम्मो! मी स्वतः पाहिलंय!"

अम्मोंनी पेन ड्राइव्ह लावला आणि दाखवलं. चार-शून्य. चौथा गोल त्र्याऐंशीव्या मिनिटाचा. मी स्टुलावरच होतो, त्या वेळी डोळे उघडेच होते, आणि मला तो गोल काही केल्या आठवेना! मी रिंदलाकडे बघितलं. ती भाकरी मोडत होती.

"गर्दी होती हो दुकानात," मी म्हणालो. "माझी स्मरणशक्ती चांगली आहे. मी कधी विसरत नाही."

"मीही हेच म्हणत होतो," अम्मो शांतपणे म्हणाले आणि आतल्या खोलीतल्या सासूबाईंना उद्देशून मैदानावरच्या आवाजात ओरडले, "अगं जमीले! त्या डॉक्टर सलामेंचा नंबर कुठे ठेवलास?"

मंगळवारची वेळ मिळाली आहे. अम्मो स्वतः गाडीतून नेणार आहेत, आणि मी निमूट जाणार आहे.